मेंडोलिन बदलावं म्हणतोय

भीमजयंतीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ भाच्यानं रात्री उशिरा पाठवला. घरात सगळे झोपलेले, म्हणून आधी आवाज बंद करूनच पाहिला. मागं निळी कमान, लायटिंगच्या माळा, मधोमध गाणाऱ्या ताई, त्यांच्या उजवीकडं कीबोर्ड आणि काठ्यांनी वाजवायचा ऑक्टोपॅड, डावीकडं ढोलकी, आणि ढोलकीच्या आडोशाला मान खाली घालून मी. हात झकास चाललेला दिसत होता. सकाळी चहा घेताना आवाज लावून पुन्हा पाहिला. ताई स्वच्छ ऐकू येत होत्या, ऑक्टोपॅड छातीत बसत होता, कोरसमधला एकजण दर वेळी अर्धी मात्रा उशिरा येत होता तेही कळत होतं, समोरच्या रांगेत रडणारं लेकरूसुद्धा कळत होतं. मेंडोलिन नव्हतं. मुखड्याच्या आधीचा जो पीस मी घरी बसून घासला होता, तो वाजत होता, पण कीबोर्डवर. माझी बोटं त्याच पीसवर, त्याच लयीत, अगदी बरोबर फिरत होती.

साऊंडवाल्याला फोन लावला. ओळखीचाच पोरगा, माझ्याच शाळेत शिकलेला. म्हणाला, "सर, तुमचं शिट्टी मारायलं होतं. मामांला दोनदा खुनावलं. मग म्या खाली घेतलं. कामून, कुनी काय म्हन्लं का?"

कुणी काहीच म्हणालं नव्हतं.

शिट्टी मारली म्हणून बंद केलं, यात त्या पोराचं काहीच चुकलं नाही. पाच हजार माणसांपुढं गाणं चालू असताना स्पीकर किंचाळला तर शिव्या त्यालाच बसतात. मला लागलं ते दुसरंच. ताईंना कळलं नाही, आमच्या पार्टीचे म्होरके असलेल्या मामांना कळलं नाही, पहिल्या रांगेत बसून टाळी धरणाऱ्या जाणत्या माणसांना कळलं नाही, आणि खरं म्हणजे स्टेजवर त्या गोंगाटात मलाही कळलं नाही. त्या दिवसापासून मेंडोलिन बदलायचं खूळ डोक्यात शिरलं. चांगलं घ्यायचं. खऱ्या लाकडाचं, आत तारांची थरथर विजेत बदलणारा पिकअप बसवलेलं, मागं वायर खोचली की थेट मिक्सरला. आपलं वाद्य हलकं आहे म्हणून आपण ऐकू येत नाही, अशी एक सोयीची समजूत करून घेतली.

माझं मेंडोलिन थोरल्या काकांचं. काका रेल्वेत होते, मीटरगेजच्या काळात हैदराबादला जाणं-येणं असायचं, तिकडूनच त्यांनी ते आणलं. कलकत्त्याची बनावट, प्लायवूडचं, पुढून तांबूस आणि कडेला काळपट, मधे लंबगोल भोक. परभणीत आजही हे खांद्याला लावून निघालो की कुणीतरी विचारतंच, "सर, बँजो का?" बँजो म्हणजे आपला टाइपरायटरसारखी बटणं असलेला, वरातीतला. पूर्वी मी समजावून सांगायचो. आता हाव म्हणतो. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, जुळवणी व्हायोलिनसारखी. जोडीतली एक तार केसभर उतरली की ती जोडी आपसात भांडू लागते, आणि वाजवणारा अर्धा वेळ हे भांडण मिटवण्यातच घालवतो. सूर लांबवायचा तर हात सतत हलता ठेवावा लागतो, नाहीतर स्वर जन्मला की लगेच विझतो. काका ही थरथर इतकी बारीक काढायचे की एकच स्वर धरून ठेवलाय असं वाटायचं. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं टाकली की ते वाजवायचे, आणि शेजारच्या गच्चीवरचा रेडिओ आपोआप लहान व्हायचा. तेवढी त्याची पोच होती, दोन गच्च्या. तेवढी पुरायची.

स्टेजवर आल्यावर पुरेना, म्हणून मी पिझो लावला. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात पंचवीस-तीस रुपयांना पितळेची एक चकती मिळते, 27 मिलिमीटरची, गजराच्या घड्याळातून बीप काढते तीच. तिला शिल्डची वायर डकवायची आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पायाजवळ डबल टेपनं चिकटवायची. तारा थरथरल्या की घोडी थरथरते, घोडीखालचं लाकूड थरथरतं, चकती त्याची वीज करते. पहिल्यांदा लावली तेव्हा मी खूश. पण ती चकती सरळ मिक्सरला खोचली की आवाज पातळ होतो, पत्र्यावर हरभरे सांडल्यासारखा. कारण साधं आहे. पिझोला समोर फार मोठा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, लागतो, निदान 1 मेगओहम तरी. मिक्सरच्या लाइन-इनला तो असतो 10-20 किलोओहमच्या घरात. तिथं खालचे स्वर गळून पडतात आणि वरची करकर तेवढी पुढं जाते. मधे ही जुळवाजुळव करणारी डबी, प्रीअँप किंवा चांगला डीआय बॉक्स, हवी. हे मला ठाऊक होतं. तरी कित्येक सुपाऱ्या, म्हणजे ठरलेले कार्यक्रम, मी ती चकती तशीच खोचून वाजवल्या, कारण साऊंडवाल्याकडं एकच डीआय असायचा आणि तो कीबोर्डला जायचा.

वीज हा आणखी एक विषय. मंडपात लाईन कुठून ओढली आहे हे विचारायचं नसतं. अर्थिंगचा पत्ता नसतो, जनरेटर धापा टाकत असतो, आणि पिझोतून एक जाडसर गुणगुण सगळ्या गाण्याखाली वाहत राहते. हात तारेवर ठेवला की कधी कमी होते, कधी वाढते. ज्या दिवशी वाढते त्या दिवशी मी चपला काढत नाही.

आणि ऊन. चौदा एप्रिलला आमच्याकडं सावलीतसुद्धा पारा चाळिशीला टेकलेला असतो. साऊंड चेक दुपारी चारला, कार्यक्रम रात्री नऊला. चारला जुळवलेल्या तारा उन्हानं सैल पडून उतरलेल्या असतात, त्या मी वर ओढून जुळवतो. नऊला वारा सुटतो, तारा आखडतात आणि सगळं वाद्य चढतं. आठ खुंट्या पुन्हा पिळायच्या, तेही मामा माइकवर पाहुण्यांची नावं घेत असताना, कानाला काही ऐकू येत नसताना. नंतर पावसाळा आला की वेगळी तऱ्हा. लाकूड फुगतं, वरची फळी किंचित उचलली जाते, तारा मानेवरच्या पडद्यांपासून उंच जातात, बोटं दुखतात. प्लायवूडला हे सगळं त्यातल्या त्यात कमी होतं. म्हणून खऱ्या स्प्रूसच्या फळीचं मेंडोलिन घ्यायचं म्हटलं तेव्हा पहिली भीती वाटली ती हीच. स्प्रूस हे थंड मुलखातलं झाड. त्याची दोन-चार मिलिमीटरची फळी मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर चिरायला किती वेळ लागेल? आमच्याकडं दारांच्या फळ्या फाकतात.

तरी गेलो. अजिंठा एक्स्प्रेसनं हैदराबादला, एका लग्नाचं निमित्त होतंच. दुकान एसी, भिंतीवर गिटारच गिटार, कोपऱ्यात मेंडोलिनं मोजून चार. पोरानं त्यातलं एक काढून दिलं. स्प्रूसची फळी, बाजू मेपलच्या, व्हायोलिनसारखी दोन एफ आकाराची भोकं, आत पिकअप बसवलेला. खालची तार छेडली आणि ती बरगडीत जाणवली. खरंच, अंगात. पोटाला टेकवलेल्या लाकडातून तो स्वर आत आला आणि बराच वेळ राहिला. वरच्या तारेवर सरकत गेलो तर मींड पडद्यावरून उड्या न मारता गेली. मी काकांच्या आवडीचं एक जुनं वाजवलं, मग उगाच एक भीमगीताचा पीस, मग पुन्हा ते जुनं. पोरगं मोबाइल बघत होतं, ते थांबलं. किंमत विचारली. आकडा ऐकून मी वाद्य जरा दोन्ही हातांनी धरलं.

मग वायर लावली. तिथल्याच छोट्या अँपला, आणि शेजारी माझंही लावलं, चकतीसकट, त्यांच्या प्रीअँपमधून. अँप वाढवत गेलो. कमी आवाजात फरक कळत होता. मध्यम आवाजात थोडा. जयंतीच्या मंडपात असतो तेवढा आवाज केल्यावर दोन्ही वाद्यं चुलतभाऊ वाटायला लागली. आणि त्याहून वाढवल्यावर नवं मेंडोलिन आधी शिट्टी मारू लागलं.

हे मला परतीच्या गाडीत हळूहळू उलगडत गेलं. मेंडोलिनची पेटी पातळ का करतात? तिनं तारेची बारीकशी थरथर घेऊन हवेत सोडावी म्हणून. जितकी हलकी फळी, तितकी ती चटकन हलणार. पण स्टेजवर हलवणारं नुसती तार नसते. मागं उभे बेसचे स्पीकर, समोर वादकांसाठीचा मॉनिटर स्पीकर, शेजारी ढोलकी, सगळे मिळून त्या फळीला ढोसत असतात. फळी हलली की पिकअप ते उचलतो, स्पीकर ते पुन्हा फेकतो, फळी आणखी हलते, आणि तीन सेकंदात शिट्टी. म्हणजे घरात ज्या गुणासाठी मी दुप्पट-तिप्पट पैसे मोजणार, तोच गुण मंडपात वैरी होऊन बसणार. माझं जाड प्लायवूडचं धूड मठ्ठ आहे म्हणूनच इतके दिवस मंडपात टिकलं. त्यालाही शिट्टी लागलीच, कारण मिक्सरवर त्याचा बेस उघडा होता. मेंडोलिनची सगळ्यात खालची तार 196 हर्ट्झची. त्याच्या खाली या वाद्याकडं द्यायला काही नसतं, पण तो भाग कापला नाही तर ऑक्टोपॅडचा धक्का तिथूनच पेटीत शिरतो.

मग पेटीच नको, असाही एक रस्ता आहे. भरीव लाकडाचं इलेक्ट्रिक मेंडोलिन. यू. श्रीनिवास यांनी तो रस्ता टोकापर्यंत नेला. जोडतारा काढून एकेरी केल्या, पाच तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन हातात घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीतातले गमक, म्हणजे स्वरांचे हेलकावे, असे काढले की कुणी म्हणूच शकलं नाही की हे वाद्य यासाठी नाही. 2014 मध्ये ते गेले तेव्हा जेमतेम पंचेचाळीसचे होते. मी त्यांचं खूप ऐकतो. पण जोडतारा काढल्या की ती थरथर वेगळी होते, दोन तारांमधली ती किंचित कुरकुर जाते, आणि मला तर मेंडोलिन त्या कुरकुरीसाठीच आवडतं. शिवाय भरीव मेंडोलिन विजेशिवाय जवळजवळ मुकं. आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि गेली की वाजवायला बसायचं हीच तर माझी सवय.

रात्री झोप येईना की मोबाइलवर वाद्यांच्या गोष्टी वाचत बसतो. 1922 ते 1924 या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत गिब्सन कंपनीत लॉइड लोअर या माणसाच्या देखरेखीखाली एफ-फाइव्ह नावाची मेंडोलिनं झाली. आत त्याच्या सहीची चिठ्ठी असलेली ती वाद्यं आज कोटीच्या भावात जातात. त्यातलंच एक, 1923 चं, बिल मन्रो या गवयाला पुढं मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात दिसलं आणि त्यानं ते घेतलं. मला गंमत वाटते ती याची की ते वाद्य केलं तेव्हा प्रश्न हाच होता: आवाज पोचत नाही. व्हायोलिनसारखी भोकं, उंच घोडी, लांब मान, हे सगळं माइक न लावता हॉलच्या मागच्या रांगेपर्यंत जाण्यासाठी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही कुणीतरी चरफडतच होतं. मला जरा बरं वाटलं, आणि त्याचा माझ्या खिशाला काडीचा उपयोग नव्हता.

खरा काटा मात्र कीबोर्डचा. आमच्या कीबोर्डवाल्या पोराकडं मेंडोलिनचा टोन आहे. एक बोट दाबून धरलं की थरथर आपोआप चालू राहते, सूर उतरत नाही, उन्हा-पावसाचा संबंध नाही. तो टोन कुठल्यातरी स्टुडिओत, कुठल्यातरी निगुतीच्या वादकानं, मला कधी परवडणार नाही अशा वाद्यावर वाजवून भरलेला असणार. म्हणजे आमच्या बँडमध्ये उत्तम मेंडोलिन आधीपासूनच आहे, फक्त ते माझ्या हातात नाही. पोरगं वाईट नाही. माझा आवाज गेलेला त्याला कळला आणि त्यानं पीस सावरला. गाणं वाचवलं त्यानं. हे मला मान्य आहे आणि तरी त्या टोनचा राग येतो. त्यात पीस सुरू होताना नखीचा तारेवर घसटल्याचा जो बारीक आवाज आहे, तोही प्रत्येक वेळी तसाच्या तसा येतो.

नांदेडला एक चाचा वाद्यं दुरुस्त करतात. सतार, हार्मोनियम, कुणाचं तुटलेलं व्हायोलिन. त्यांच्याकडं गेलो ते नवं घ्यावं का हे विचारायला. त्यांनी माझं मेंडोलिन डोळ्यांच्या रेषेत धरलं, बाराव्या पडद्यावर बोट टेकवून स्वर काढला आणि तोंड वाकडं केलं. "मियाँ, ये घोडी किसने बिठाया? एक पाँव हवा में है." मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं जागेवर राहते. माझी एका बाजूनं टेकत होती, दुसऱ्या बाजूखालून पोस्टकार्ड सरकलं असतं. चाचांनी तारा सैल केल्या, पेटीवर सँडपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवला, डाव्या तळव्यानं तो ताणून धरला आणि शिसवीची नवी घोडी त्यावर पुढं-मागं, फक्त पुढं-मागं, घासत राहिले. मधेच उचलून पायाचा तळ उजेडाकडं धरायचे. चकाकी कुठं शिल्लक आहे ते बघायचे, कारण जिथं चकाकतं तिथं अजून टेकलेलं नाही. पेटीचा जसा उतार, तसाच घोडीच्या पायाचा खळगा होईपर्यंत हे चाललं. शेजारी चहा गार झाला, वर भुसा पडला, त्यांनी तो भुशासकट पिऊन टाकला. मग पडद्यांची टोकं कानशीनं मोडली. मी विचारलं, चाचा, नवीन लेऊँ क्या? म्हणाले, "लेव ना. कौन नक्को बोला. पर पैले इसकू तो सुनो."

ऐकलं. हैदराबादच्या त्या वाद्याची बरोबरी नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू. पण चारही जोड्या पहिल्यांदाच एका घरच्या वाटल्या.

त्याच आठवड्यात प्रीअँप मागवला. बेस कापायची सोय, शिट्टी येणारी एकच पट्टी शोधून तेवढीच दाबणारा नॉच, आणि फेज उलटवायचं बटण. बटण दाबलं की कधी कधी शिट्टी नुसती गप्प होते. एवढ्याशा डबीत एवढं. हिला दाखवलं तर म्हणाली, "अहो, मग ते हैदराबादचं राहिलं का?" मी म्हटलं, राहिलं. "की घरी वाजवायला घेणार?" मी गप्प. हिला सगळं कळतं. घरी वाजवायला घेतलं तर ते स्टेजसाठी नाही हे कबूल करावं लागेल, आणि घरच्या सुखासाठी एवढे पैसे मोजायची आमच्या पिढीला सवय नाही. सुपारीला 1500 रुपये बिदागी मिळते. तेवढ्यात त्या वाद्याचा हिशेब बसवायचा तर कितीतरी जयंत्या जाव्या लागतील. शिवाय लेकीचं लातूरचं ॲडमिशन तोंडावर आलंय. विचार सुटलेला नाही, एवढंच सांगतो. रात्री मोबाइलवर त्या मॉडेलचं पान उघडून बघतो आणि बंद करतो.

पण या सगळ्या उठाठेवीत एक निघालं. जुन्या हिंदी गाण्यांची रेकॉर्डिंगं मी आता वेगळ्या कानानं ऐकतो. सज्जाद हुसेन स्वतः मेंडोलिनचे उस्ताद, लक्ष्मीकांत संगीतकार होण्याआधी मेंडोलिनच वाजवायचे. त्या काळच्या गाण्यांत व्हायोलिनांचा ताफा असायचा, आणि तरी मेंडोलिन कानात शिरायचं. नीट ऐकलं तर कळतं की ते वाजत असताना बाकीचे थांबलेले असतात. कुणीतरी कागदावर तसं लिहिलेलं असायचं: इथं ह्यानं बोलायचं, बाकीच्यांनी नाही. आमच्याकडं सगळे सगळीकडं वाजवतात. ज्याला जागा दिसेल तो भरतो. कीबोर्ड भरतो, मी भरतो, ऑक्टोपॅडवाला तर श्वाससुद्धा भरून काढतो. चौदा जानेवारीला, नामविस्तार दिनी, मराठवाडा विद्यापीठाच्या गेटपाशी शेजारशेजारच्या स्टेजवरून एकाच वेळी गाणी चालू असतात, तिथं हे समजू शकतो. तिथं ओरडल्याशिवाय भागत नाही. पण सेलूच्या हॉलमध्येही आम्ही गेटपाशी असल्यासारखंच वाजवतो.

मामांपुढं विषय काढला. पार्टीच्या हिशेबाची वही त्यांच्याकडं. म्हणाले, "सर, लोकांला भरीव आवाज लागतो. रिकामं वाटलं की म्हन्तेत पार्टी बारीक हाय." मी म्हटलं, सगळ्या गाण्यांत नको, दोनच गाणी द्या. मुखड्याआधी चार ओळी, त्यात कीबोर्ड बंद. कीबोर्डवाल्या पोरानं खांदे उडवले आणि म्हणाला, "माझं काय नाई सर, हात जरा मोकळा व्हईल. पण शिट्टी मारली तर म्या घेतो." ठीक, म्हटलं. तेवढी अट रास्त आहे.

मग ताईंकडं गेलो, कारण खरी अडचण पुढं होती. त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे त्यांचा षड्ज हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. मेंडोलिनच्या मोकळ्या तारा सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर जुळतात, त्यामुळं काळी चारमध्ये षड्ज मोकळ्या तारेवर कधीच मिळत नाही; तो बोटानं दाबूनच काढावा लागतो आणि दाबलेला स्वर लवकर मरतो. त्या गाण्यात त्या एक पायरी खाली येऊन पांढरी पाच घेतील तर खालची तार मोकळी झणकारेल. एकही रुपया न घालता जेवढा आवाज वाढेल, तेवढा कुठल्याच पिकअपनं वाढायचा नाही. ताई पापड लाटत होत्या. ऐकून घेतलं सगळं. हातानंच हवेत स्वर लावून पाहिला, अंतऱ्यातली खालची जागा गुणगुणली, ती पुटपुटल्यासारखी आली. पुन्हा गुणगुणली.

"सर, खाली माझा आवाज बसतो. ते 'बाबा' म्हनायची जागा हाय ना, ती खाली गेली की लोकांपर्यंत जात नाई."

मी म्हटलं, तिथं मी एकटाच वाजवतो, तुमच्या मागं दुसरं कुणी नसेल.

"ऑक्टोपॅड पन नाई?"

ऑक्टोपॅड पण नाही, मी सांगून टाकलं. हे अजून ऑक्टोपॅडवाल्याला माहीत नाही. पुढची सुपारी गंगाखेडला आहे, त्याच्याशी बोलायला तेवढे दिवस आहेत.